बॅटरीची गोधडी

सूर्य मावळला की माझ्या मुलाचा फोन बंद होतो. आज जेवणाआधी लावून पाहिला, जेवणानंतर पाहिला, भांडी विसळताना ओल्या हातानं पुन्हा लावला. बंद. फोन बंद आहे म्हणजे तो कुठे पडला-झडला नाही, फोनची बॅटरी जपत अंधारात बसला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी जीव थाऱ्यावर येत नाही. अंधारात बसलेल्या माणसाला काही झालं तर ते सकाळपर्यंत कुणाला दिसणार?

तो राहतो एका कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात. जुन्या कॅरॅव्हॅन दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे, तिथं तो कामाला आहे. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला लागून भंगारात निघालेली एक गाडी उभी होती. ती मालकानं त्याला राहायला दिली. चाकं नाहीत, विटांवर टेकवलेली आहे. आत एक पलंग, एक ओटा, घडीचं टेबल, आणि खिडक्यांना त्यानंच शिवलेले निळे पडदे. छतावर दोन सोलर पॅनेल. दिवसा ऊन पडलं की पॅनेलमधून दोन बॅटऱ्या भरतात आणि रात्री त्यांच्यावर दिवा, पंखा आणि नळाचा छोटा पंप चालतो. निदान चालायला हवा.

त्याचं काम शिवणाचं. गाड्यांच्या सीटची कव्हरं, गाद्या, पडदे. लहानपणी इतर मुलं चेंडू फाटला की फेकून द्यायची, हा शिवायचा. पुढे शिवणाचं रीतसर शिकला. त्याच्या हातचं काज पाहिलं तर वाटतं यंत्रानं केलं असेल, पण ते हाताचं असतं. प्रत्येक टाका दुसऱ्याला चिकटून, शेवटी एक बारीकशी आडवी गाठ. ती गाठ मी कुठेही ओळखीन.

वर्कशॉपमध्ये त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. तो 'टाका'. हे नाव वायरमननं ठेवलं. वायरमन म्हणजे तिथला वीजजोडणीचा माणूस, आडदांड, आवाज मोठा, आणि वर्कशॉपमध्ये कुणावर कधी हसायचं ते तोच ठरवतो. त्याच्या मागे रंगारी, आणि रंगाऱ्याच्या मागे बाकीचे. "टाका, कचरा टाका." "टाका, तिकडे पाणी टाका." एवढाच विनोद, पण रोज नव्यानं झाल्यासारखे सगळे हसतात. आणि माझा मुलगा त्यांच्याबरोबर हसतो.

हे हसणं त्याला फार महागात पडलेलं आहे. सून घर सोडून गेली ती काही मारझोडीनं नाही, व्यसनानं नाही. तिच्या माहेरी सगळे जेवायला जमले होते. तिचा चुलतभाऊ ताटावरूनच म्हणाला, "अहो पाव्हणं, माझ्या शर्टाचं बटण लोंबतंय, तुमच्याकडे सुई असेलच." सगळे हसले. यानं खरंच खिशातून सुई काढली, उठला, आणि त्या माणसाच्या अंगावरच्या शर्टाला, तो जेवत असताना, बटण लावून दिलं. दात दाखवत. घरी परतल्यावर सून मला म्हणाली, "आई, ते हसतात ते मला टोचत नाही. हा हसतो, ते टोचतं." थोड्याच महिन्यांत ती मुलीला घेऊन वेगळी राहायला गेली. मुलीला आम्ही चिमणी म्हणतो. ती अजून शाळेच्या पहिल्या पायऱ्यांवर आहे, आणि अंधाराला फार घाबरते. उशाशी दिवा लागतो, तो रात्रभर जळावा लागतो.

सुनेनं आडकाठी केली नाही, हे सांगायलाच हवं. सुट्टीच्या दोन दिवसांसाठी ती चिमणीला बापाकडे सोडायची. पहिल्या एक-दोन खेपांना सगळं नीट झालं. चिमणीला ते चाकं नसलेलं घर भारी आवडलं. मला फोनवर म्हणाली होती, "आजी, आमची गाडी कुठंच जात नाही, म्हणून आम्ही हरवत नाही."

मग एका खेपेला मध्यरात्री दिवा गेला. पोर जागी झाली ती ओरडतच. इतकी रडली की श्वास अडकायला लागला. हा फोनच्या उजेडात तिला कडेवर घेऊन फाटकापर्यंत चालत गेला आणि सुनेला बोलावून घेतलं. सून आली आणि पोरीला घेऊन गेली. दोन दिवसांनी तिनं निरोप दिला: दिवा रात्रभर टिकतो असं दाखव, मग पाठवीन. एवढीच अट. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

तेव्हापासून माझा मुलगा बॅटऱ्यांच्या मागे लागला. संध्याकाळी भरलेल्या असायच्या आणि रात्र अर्धी व्हायच्या आत उतरायच्या. पॅनेलवर धूळ साचली असेल म्हणून त्यानं शिडी लावून काच पुसली. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड धरली होती, ती कोमट पाण्यानं ब्रशनं घासून काढली. बाटलीतलं खास पाणी आणून भरलं. पंखा बंद केला. मग पंप बंद करून बादलीनं पाणी आणायला लागला. मग फोन त्यावर लावायचा बंद केला. शेवटी एकच दिवा उरला, तो बोटाएवढा, आणि तोही पहाट बघेना.

हे सगळं तो वायरमनला विचारून करत होता. बॅटऱ्या वायरमननंच बसवलेल्या, म्हणजे त्यालाच कळणार. रोज संध्याकाळी काम सुटलं की ही मंडळी वर्कशॉपच्या मागच्या दाराशी उलट्या डब्यांवर बसतात, थंड पेयाच्या बाटल्या पितात, आणि टाकाला बोलावतात. त्या बैठकीत त्याच्या बॅटरीची चर्चा व्हायची. तो मला दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर उत्साहानं सांगायचा.

"वायरमन म्हणाला, दिवसा तापते आणि रात्री एकदम गार पडते. सर्दी होते तिला. पांघरूण घाल म्हणाला."

"बॅटरीला पांघरूण?"

"अगं, थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही ना. तसंच असेल."

आणि त्यानं बॅटरीला गोधडी शिवली. सीटच्या उरलेल्या कापडांची, चौकोन जोडून, कडेला लाल पट्टी, वर उभ्या-आडव्या टाक्यांची नक्षी. दोन जाड तारा बाहेर याव्यात म्हणून दोन काजं. मला फोटो पाठवला. इतकी देखणी होती की मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही, मी नुसती बघत राहिले. वर्कशॉपमध्ये मात्र ती गोधडी हातोहात फिरली म्हणे. रंगाऱ्यानं ती डोक्यावर घेऊन नाचून दाखवलं. वायरमननं तोंड गंभीर ठेवून विचारलं, "अंगाई कोण म्हणणार रे, टाका?"

पुढच्या आठवड्यात वायरमननं सांगितलं की काळा कपडा ऊन ओढून घेतो, तेव्हा पॅनेलला काळ्या कपड्याचं आवरण घाल. यानं विचारलं, मग ऊन आत कसं जाणार? "शाळेत लक्ष कुठं होतं तुझं? काळ्यात ऊन थांबतं, मग हळूहळू झिरपतं." यानं मापं घेऊन आवरण शिवलं, कडेला इलॅस्टिक घातलं, आणि छतावर चढून बसवलं. खाली सगळं वर्कशॉप जेवणाचे डबे घेऊन बघायला उभं होतं. याला वरूनच ते दिसलं असणार. त्यानं आवरण काढलं, घडी घातली, आणि खाली उतरून सगळ्यांबरोबर हसला. मला सांगताना म्हणाला, "कापड चांगलं होतं, उशीला अभ्रा झाला."

मी चिडले. मी काही वीजवाली नाही, पण वाचता येतं. बसून दोन-तीन ठिकाणचं वाचून काढलं. पाहायची रीत सोपी होती. गाडीतले सगळे फ्यूज काढून ठेवायचे, म्हणजे आतलं काहीच चालणार नाही. तरीही बॅटरी उतरली तर दोनच शक्यता. एक, बॅटरीच म्हातारी झाली आहे. दोन, फ्यूजच्या आधीच, थेट बॅटरीवरून, कुणीतरी काहीतरी खातं आहे. मी त्याला फोनवर सांगितलं, "फ्यूज काढ. सकाळी मीटर बघ. आणि उतरलेली असेल तर गोधडी बाजूला करून बॅटरीच्या टोकांना कोणकोणत्या तारा जोडल्या आहेत त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघ. वायरमनला विचारू नकोस."

"बघतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आला. आवाज नेहमीचाच, जरा जास्तच नेहमीचा.

"पाहिलंस?"

"पाहिलं. बॅटरीच म्हातारी झालीय आई. तिला काय करणार."

"तारा पाहिल्यास?"

"पाहिल्या ना. ठीक आहेत." मग लगेच, "तुझा गुडघा कसा आहे?"

त्यानंतर बॅटरीचा विषय त्यानं काढलाच नाही. मी काढला की गुडघा यायचा. चिमणीची मोठी सुट्टी जवळ येत होती. म्हणून काल मी न कळवता तिथं गेले. पिशवीत एक छोटा दिवा घेतला होता, अगदी कमी वीज खाणारा, म्हटलं म्हाताऱ्या बॅटरीवरही हा निघेल.

दुपारच्या जेवणाची वेळ होती. कॅरॅव्हॅनचं दार नुसतं लोटलेलं. आत पलंग नीट आवरलेला, ओट्यावर झाकलेलं ताट, उशीला काळा अभ्रा, आणि पलंगाच्या कोपऱ्यात चिमणीचं छोटं पांघरूण, घडी घालून ठेवलेलं. बॅटऱ्या बाहेरच्या बाजूला, एका लहान दाराच्या कप्प्यात असतात. मी ते दार उघडलं. गोधडी होती. फोटोत होती तशीच, नुसती थोडी मळलेली.

मी वाकून पाहिलं आणि मला तीन काजं दिसली.

फोटोत दोन होती. ती दोन पांढऱ्या दोऱ्याची. तिसरं तपकिरी दोऱ्याचं, बाजूला, लहान. त्यातून एक बारीक काळी तार बाहेर येत होती. मी बोटानं त्या काजाच्या टोकाशी चाचपलं. बारीकशी आडवी गाठ.

मी किती वेळ वाकलेली होते माहीत नाही. तार कप्प्याच्या तळातून खाली गेली होती आणि भिंतीतल्या एका भोकातून वर्कशॉपमध्ये शिरली होती. कुणी तरी ती जाड तारेच्या मागे, सहज दिसू नये अशी जोडली होती, ते एक. पण माझ्या मुलानं ती पाहिली होती. काढली नव्हती. उलट तिला नीट बाहेर येता यावं, गोधडीखाली ती दबू नये, म्हणून बसून काज केलं होतं.

मी भिंतीला वळसा घालून मागच्या दाराशी गेले. जेवणाच्या सुट्टीतही सगळे त्याच उलट्या डब्यांवर बसले होते. मधोमध एक निळी पेटी, गाडीत ठेवतात तसली, बाटल्या गार करणारी, आणि तिच्या मागून तीच काळी तार निघाली होती. पेटी बारीक गुरगुरत होती, रात्रीही ती बंद होत नसणार. माझा मुलगा सगळ्यात कडेला बसला होता. रंगारी काहीतरी सांगत होता आणि हा हसत होता.

मला पाहून वायरमन उठला. माणूस तसा रीतीचा. "या मावशी, बसा. टाका, डबा दे आईला."

मी बसले नाही. विचारलं, "ही पेटी कशावर चालते?"

रंगाऱ्यानं तोंडातला घोट कसाबसा गिळला आणि खोकला काढला. वायरमन म्हणाला, "उन्हावर, मावशी. मालकानं वर्कशॉपच्या लाइटवर लावायला बंदी केली. म्हटलं, फुकटचं ऊन आहे."

"कुणाचं ऊन?"

"ऊन काय कुणाच्या बापाचं असतं?"

आता सगळे मोकळे हसले. वायरमन माझ्याजवळ आला आणि आवाज जरा खाली आणला, माझ्यावर मेहेरबानी करावी तसा. "गंमत असते हो. आम्हाला वाटलं दोन दिवसांत सापडेल त्याला. सापडेचना. मग आमचीच पंचाईत. हा रोज विचारतोय, आम्ही रोज सांगतोय. आता तुम्हीच सांगा, एवढी गोधडी शिवल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार?"

म्हणजे त्याला अजून वाटत होतं की टाकाला काही कळलेलं नाही. मी मुलाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं मान अगदी जराशी हलवली. नको. मग पेटीत हात घालून एक बाटली काढली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि माझ्यासमोर धरली.

"घे आई. थंडगार आहे."

मी ती घेतली. हातात धरून उभी राहिले. बाटलीवरचं पाणी माझ्या मनगटावरून बाहीत उतरत होतं.

नंतर कॅरॅव्हॅनमध्ये तो पलंगावर बसला आणि मी ओट्याला टेकले. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर भिंतीपलीकडे ऐकू गेलं असतं.

"कधी कळलं?"

"तू फ्यूज काढायला सांगितलेस तेव्हाच."

"मग तार काढली का नाहीस?"

तो नखानं गादीची शिवण चाचपत होता. "काढली असती, तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय."

"कळू दे की."

"मग मजा गेली ना त्यांची. मग ते मला कशाला बोलावतील? संध्याकाळी बसवतात आई. बाटली देतात. विचारतात, काय टाका, काल किती वाजता उतरली? रोज विचारतात."

"ते तुझ्यावर हसतात रे."

"माहितीय." आणि तो हसला, मला बरं वाटावं म्हणून. "हसतात, पण बोलावतात."

मी पलंगाच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या पांघरुणाकडे बोट केलं. त्याला कळलं. तो म्हणाला, "तिच्या आईला सांगून टाकलंय मी, बॅटऱ्या गेल्या म्हणून. या सुट्टीत राहू दे म्हटलं."

"पोरीनं काय म्हटलं?"

"तिच्याशी बोललो नाही." मग खाली बघत, "चिमणी दोन दिवस येते आई. हे रोज असतात."

असं वाक्य आपल्या पोटच्या पोरानं बोलावं आणि आपल्याला त्याचा रागही येऊ नये. मला राग आला नाही. त्याच्या गाडीत दुसरं माणूस म्हणून कुणी येत असेल तर ते वर्षातून मोजक्या वेळा आलेली मी आणि मोजके दिवस आलेली पोर. बाकीच्या सगळ्या संध्याकाळी तो माणूस काय करतो, हे मी कधी त्याच्या बाजूला बसून पाहिलेलं नाही. तरी एक गोष्ट मला पचत नाही. त्या मंडळींना ठाऊक होतं. दिवा का टिकायला हवा, पोर कशी ओरडली, हा तिला कडेवर घेऊन फाटकापर्यंत कसा गेला, हे सगळं यानंच त्यांना त्या डब्यावर बसून सांगितलेलं होतं. त्यांनी ऐकलं, च्‌च्‌ केलं, आणि पेटीतून पुढची बाटली काढली.

निघताना मी आणलेला दिवा ओट्यावर ठेवला. त्यानं तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "छान आहे," म्हणाला. "कमी खात असेल." फाटकापर्यंत सोडायला आला. तिथून परत फिरताना मागच्या दाराकडून हाक आली, "टाका, ए टाका, आई काय म्हणाली रे?" आणि तो जवळजवळ पळतच गेला.

घरी आल्यापासून मी तीच गोष्ट उलटीसुलटी करून पाहते आहे. मालकाला सांगावं, तर वायरमनची कानउघाडणी होईल आणि त्याचा सगळा वचपा माझ्या मुलावर निघेल. तिथंच राहायचं आहे, तिथंच शिवायचं आहे. वायरमनला हात जोडावेत, तर तो तार काढील, अगदी सभ्यपणे काढील, आणि मग आयुष्यभर पुरेल एवढा नवा विनोद त्याला मिळेल: टाकाची आई दिव्यासाठी रडत आली. आणि मुलाला विचारावं, तर तो म्हणणार, राहू दे. त्याला जन्मभर हेच म्हणता आलं आहे.

म्हणून त्याला विचारणार नाही. सुट्टी लागेल त्या दिवशी मी आधी तिथं जाणार. त्या तारेचं टोक एका लहान नटाखाली दाबलेलं आहे, मी पाहून ठेवलं आहे, घरातला पाना त्याला बसेल. तार सोडवीन, गुंडाळीन, आणि मधोमध, त्या निळ्या पेटीवर ठेवून येईन. बाटल्या कोमट होतील. संध्याकाळी काम सुटेल, डबे मांडले जातील, आणि त्याला कुणी हाक मारणार नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. तो दारात उभा राहून वाट बघेल हे मला आत्ताच दिसतं आहे. त्याच्या हातात जे एवढंसं उरलं आहे ते मी काढून घेणार आहे, आणि त्याबद्दल तो मला काही बोलणारही नाही, गुडघा कसा आहे तेवढं विचारील.

पण आत दिवा असेल, आणि दिव्याखाली पोर असेल. दोन दिवस तर दोन दिवस.

सून भल्या पहाटे उठते, कामावर जायच्या आधी चिमणीचा डबा करते. वेगळी राहायला गेल्यापासून आम्ही दोघी सरळ बोललेलो नाही, निरोपावरच चाललं आहे. उजाडलं की मी तिला फोन करणार आहे. बॅटऱ्या धडधाकट आहेत, हे सांगीन. काय खात होतं, तेही सांगीन, आणि त्याला ते ठाऊक होतं, हेही. ती म्हणेल, बघा आई, मी काय म्हणत होते. म्हणू दे. मग सांगीन, पोरीला घेऊन ये, दिवा रात्रभर टिकेल, मी स्वतः तिच्या उशाशी बसते.

तिचा फोन नेहमी चालू असतो.